अगेन्स्ट द स्टॉर्म: गावकरी गाव का सोडतात

डिसेंबर २०२३ मध्ये पूर्ण आवृत्ती आलेल्या या गाव वसवण्याच्या गेममध्ये गाव बहुतेक वेळा उपासमारीने रिकामं होत नाही. कोठारात धान्य असतं, डोक्यावर छप्पर असतं, तरी वादळाचा ऋतू लागला की सरडे (गावकऱ्यांची एक जमात) गाशा गुंडाळतात.

प्रत्येक जमातीचा रिझॉल्व, म्हणजे मनोधैर्य, वेगळा मोजला जातो. हार्पी (पक्ष्यांसारखी जमात) खूश आहेत म्हणून सरड्यांचं भागत नाही. आकडा शून्याला टेकला की उलटी गिनती सुरू होते आणि त्या जमातीतला एकजण निघतो. आकडा सावरला नाही तर मागोमाग दुसरा. प्रत्येक जाणाऱ्यामागे, तुम्हाला गाव वसवायला पाठवणाऱ्या राणीची अधीरता वाढते, आणि तो पट्टा भरला की खेळ खल्लास.

खरा घोळ हॉस्टिलिटीत, म्हणजे जंगलाच्या वैरात आहे. लोकसंख्या, सरलेली वर्षं, उघडलेली ग्लेड्स (जंगलातल्या मोकळ्या जागा) आणि कामावरचे लाकूडतोडे, सगळ्यांचे गुण तिथे जमा होतात. साधारण दर १०० गुणांना एक पायरी, आणि वादळात प्रत्येक पायरी सगळ्यांचा रिझॉल्व खाली ओढते. वर जंगलाची काही संकटं ठरावीक पायरीवरच जागी होतात. म्हणून २९० आणि ३१० यांत जमीन-अस्मानाचा फरक.

वादळाआधी गेम पॉझ करा, हॉस्टिलिटीवर कर्सर नेऊन गुणांची फोड बघा. पायरीच्या वर थोडेच गुण असतील तर वादळ लागताच लाकूडतोडे कामावरून काढा. गुण लगेच उतरतात. मात्र त्याआधी हर्थला (गावाच्या मधल्या शेकोटीला) वादळभर पुरेल एवढं सरपण साठलेलं हवं. हर्थ विझली तर आगीतून फुफाट्यात! तेवढ्याने भागलं नाही तर मुख्य हर्थमध्ये जादा इंधनाची आहुती द्या. ते जळतंय तोवर हॉस्टिलिटी कमी राहते. एखाद्या जमातीला झुकतं माप देण्याचं बटण शेवटी, कारण त्याने बाकीच्यांचा रिझॉल्व घसरतो.

वादळाच्या तोंडावर नवं ग्लेड उघडणं म्हणजे शुद्ध हावरटपणा.

घरांचं गणित सोपं आहे. साध्या निवाऱ्यात ३ जण मावतात, जमातीच्या खास घरात २च, पण रिझॉल्व जास्त मिळतो. घर हर्थच्या कक्षेत हवं. सरड्यांसाठी जर्की (सुकवलेलं मांस) लवकर सुरू करा. त्यांचा मूळ रिझॉल्व माणसांपेक्षा बराच कमी असतो.

आणि एक गंमत: राणीची अधीरता वाढली की हॉस्टिलिटी थोडी उतरते. त्यामुळे दोघं-तिघं गेल्यावर गळती कधी कधी आपोआप थांबते. पट्टा अर्ध्याच्या आत असेल तर घाबरून लाकडाचा साठा जाळून संपवू नका.