आकारा : चवळीचा वडा समुद्रापलीकडे गेला त्याची गोष्ट

नायजेरियातल्या योरुबा लोकांचा आकारा म्हणजे चवळीचा वडा. चवळी भिजवायची, चोळून साल काढायची, कांदा मिरची घालून वाटायची आणि मग ते पीठ हलकं होईपर्यंत फेटायचं, खरी मेहनत इथेच आहे कारण हवा नीट भरली नाही तर वडा दडस होतो, कितीही चांगलं तेल असो. लागोसमध्ये सकाळी लोक तो मऊ आगेगे ब्रेडमध्ये घालून खातात, नाहीतर मक्याच्या पातळ पेजेसोबत, तिला ओगी म्हणतात.

गुलाम म्हणून जहाजात कोंबून ब्राझीलला नेलेल्या लोकांसोबत हाच पदार्थ तिथल्या बाहिया राज्यात पोचला, तिथे त्याला आकाराजे म्हणतात. तो लालसर पामतेलात तळतात, मधे चिरून वातापा (ब्रेड, कोळंबी आणि नारळाच्या दुधाचं दाट सारण), कारुरू (भेंडीची भाजी) आणि सुकी कोळंबी भरतात. कांदोंब्ले या आफ्रिकी मुळांच्या ब्राझिलियन धर्मात हा इयांसां देवीचा नैवेद्य आहे, म्हणून बाहियाची राजधानी साल्वादोरच्या रस्त्यावर पांढऱ्या घेरदार कपड्यात बसलेल्या बायाना, म्हणजे बाहियाच्या बायका नुसतं स्नॅक विकतात असं मला कधीच वाटत नाही! गुलामीच्या काळात अशाच फेरीच्या कमाईतून कित्येक बायकांनी स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेतलं.

2005 मध्ये ब्राझील सरकारने या बायकांच्या कामाची राष्ट्रीय वारसा म्हणून नोंद केली. तरी 2014 च्या फुटबॉल वर्ल्डकपच्या तयारीत साल्वादोरच्या स्टेडियममधून त्यांना बाहेर ठेवायचं चाललं होतं, बायका भांडल्या, सह्या गोळा केल्या आणि 2013 मध्ये स्टेडियमच्या आवारात बसून आकाराजे विकले. मला हा भाग फार आवडतो.