तू जरा चुकीच्या वेळी आलास

आमच्या सोलापुरात पाहुणा आला की चहा टाकायच्या आधी एक वाक्य ठरलेलं असतं. "अहो जरा वेगळ्या टायमाला यायचं की!" मे महिन्यात आला तर, ह्या त्रेचाळीस डिग्रीत काय बघणार तुम्ही, थंडीत या. डिसेंबरात आला तर, थोडं थांबून गड्ड्याला, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या संक्रांतीच्या जत्रेला यायचं, खरं सोलापूर तेव्हा असतंय. आणि गड्ड्याला आला तर, आता ह्या गर्दीत काय दिसणार, निवांत कधीतरी या. मी लहानपणापासून हे ऐकत आलोय आणि आता चाळिशी ओलांडल्यावर मीच म्हणायला लागलोय, म्हणजे ते वडिलोपार्जितच म्हणायचं.

मागच्या फेब्रुवारीत मेव्हणा आला, नाशिकहून, दोन दिवसांसाठी. नाशिकच्या माणसाला हल्ली एक नवीन रुबाब आलाय. पूर्वी ते लोक पंचवटी, काळाराम, फारतर मिसळ एवढंच सांगायचे. आता वाईन कॅपिटल. सुला 1999 ची, त्यानंतर एकेक करत बऱ्याच वायनरी झाल्या, सरकारनं 2001 साली द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, आणि आता शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची पोरं तिकडं जाऊन मोठ्या टोप्या घालून वेलींमधे फोटो काढतात. मेव्हण्यानं हे सगळं जेवता जेवता सांगितलं आणि मग विचारलं, "दाजी, तुमच्याकडे वीकेंडला लोक करतात काय?"

मी म्हटलं, बसतात.

"कुठे?"

"कुठंही."

त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. पण खरंच सांगतो, आमच्याकडचा रिकामा वेळ म्हणजे मुख्यतः बसणं. सकाळी सहाला स्मृती उद्यानात चालायला जाणारे चार फेऱ्या मारून बाकावर बसतात, संध्याकाळी सातनंतर सिद्धेश्वर तलावाच्या काठावर बसतात, पार्क चौपाटीवर भेळ घेऊन गाडीवरच बसतात. मधला सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच हा जो टाइम आहे तो आमच्यात धरतच नाहीत. तेव्हा बाहेर दिसतो तो एकतर मार्केटिंगवाला नाहीतर परगावचा. मेव्हणा दुपारी एकला टोपी घालून भुईकोट किल्ला बघायला निघाला तेव्हा आमच्या अप्पांनी पेपरमधनं मान वर करून फक्त एवढंच विचारलं, "एकटाच?"

किल्ला बघून आला, लाल होऊन. चांगला आहे म्हणाला. बुरुज बघितले, शेजारचं हुतात्मा बाग बघितलं, आणि त्या चार हुतात्म्यांबद्दल त्याला काहीच माहीत नव्हतं ह्याचं मला जरा वाईट वाटलं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे, 12 जानेवारी 1931 ला चौघांना येरवड्यात फाशी दिली. 1930 च्या मे महिन्यात ह्या गावात दोन-तीन दिवस इंग्रजांचं राज्यच उरलं नव्हतं, मग मार्शल लॉ लावला. आम्हाला हे शाळेतच तोंडपाठ होतं, पण चौकात पुतळ्यांशेजारी रिक्षाची वाट बघत उभं राहिलो की आम्हीसुद्धा मोबाईलच बघतो, तेव्हा त्याला काय बोलायचं.

संध्याकाळी त्याला तलावावर नेलं. मधे मंदिर, आजूबाजूला पाणी, पलीकडं किल्ल्याची भिंत, दिवे लागलेले. तो गप्प झाला, जे क्वचित होतं. मग मी चूक केली. होम मैदानाकडं हात करून म्हटलं, "तू पंधरा-वीस दिवस आधी यायला पाहिजे होतंस." आणि गड्डा सांगायला लागलो, संक्रांतीला उंच उंच नंदीध्वज खांद्यापोटावर तोलत माणसं कशी निघतात, संमती कट्ट्यावर अक्षता कशा पडतात, सिद्धरामेश्वरांनी गावाभोवती स्थापलेली अडुसष्ट लिंगं, आकाशपाळणे, मौत का कुआ, भाग्यश्री म्हैस असली पोस्टरं, आणि धुळीनं भरलेली भजी जी दुसऱ्या कुठल्याच दिवशी तशी लागत नाहीत. मैदान समोर रिकामं पडलेलं. एक कुत्रं चाललेलं. मेव्हणा त्या कुत्र्याकडं बघत म्हणाला, "म्हणजे आता काहीच नाही."

हेच तर आहे. आमच्या गावाला पॉइंट नाहीत, टाइमटेबल आहे. डिसेंबरात हुरडा, जानेवारीत गड्डा, मग द्राक्षं, मग ऊन, मग आषाढीला पंढरपूरकडं जाणाऱ्यांची गर्दी. त्या त्या वेळी असाल तर मजा, नाहीतर कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाऊन परत जा. (ती मात्र बारा महिने आहे. चटणी मिक्सरमधे नाही, उखळात कुटलेली घ्यायची, तेल सुटलेली. मेव्हण्यानं दोन किलो नेली.)

तर रविवारी द्राक्षं. मी म्हटलं चल नान्नजला जाऊ, बार्शी रोडला वीसेक किलोमीटर. तिथं 1979 चं माळढोक अभयारण्य आहे. माळढोक दिसणं म्हणजे लॉटरी आहे, काळवीट मात्र दिसतात, उड्या मारत जातात आणि थांबून आपल्याकडंच बघतात, जसं काय आपण प्रेक्षणीय. पण नान्नजचं खरं नाव द्राक्षात. तिथल्या नानासाहेब काळ्यांना थॉम्सन जातीच्या द्राक्षबागेत एका फांदीला वेगळे, लांबट मणी दिसले, त्यांनी ते वाढवले आणि सोनाका जात झाली. सोलापूरचा सो, नान्नजचा ना, काळ्यांचा का, अशी फोड आमच्याकडं सांगतात. मी हे सांगितलं तेव्हा मेव्हण्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जरा फरक पडला, कारण सोनाका तो नाशकात बसून खात होता आणि ती त्याला नाशिकचीच वाटत होती.

पण गडी हटायला तयार नाही. "द्राक्षं ठीक आहे दाजी, पण वाईन नाही ना." आता मला गंमत आली. कारण वाईन आहे. आमच्याच जिल्ह्यात आहे, अकलूजजवळ मोटेवाडीला, फ्रातेली. फ्रातेली म्हणजे इटालियनमधे भाऊ, आणि खरंच तीन घरचे भाऊ आहेत, इटलीचे सेक्की, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील. त्यांची एक वाईन आहे सेत्ते, म्हणजे सात, सहा भाऊ आणि सातवा वाईन बनवणारा इटालियन. मला हे सगळं माहीत होतं पण मी आयुष्यात एकदाही गेलो नव्हतो, जसं मुंबईची माणसं एलिफंटाला जात नाहीत.

नान्नज रद्द, गाडी पंढरपूर रोडला. हिनं अट घातली, आधी विठोबा, मग तुमचं ते. त्यामुळं आम्ही कपाळाला बुक्का लावूनच वाईन टेस्टिंगला पोचलो. तसा तो रस्ता दोन्हीचा आहे म्हणा, आषाढात तुकोबांची पालखी अकलूजला येते, गोल रिंगण होतं, आणि त्याच गावाच्या शिवारात इटालियन नावाच्या द्राक्षांचे वेल आहेत.

तिथं ओळीनं वेल, स्टीलच्या मोठ्या टाक्या, आत गार खोलीत लाकडी पिंपं. वाईनचं द्राक्ष मी पहिल्यांदा तोंडात टाकलं. बारीक, जाड सालीचं, आत बिया. सोनाका खाल्लेल्या तोंडाला ते म्हणजे कोणीतरी फसवल्यासारखं लागतं, पण रंग आणि चव म्हणे सालीतनंच येते. दाखवणारा पोरगा आपल्याकडचाच होता, माहिती चांगली देत होता. मेव्हण्यानं नाशिकच्या थाटात विचारलं, तोडणी बघायला मिळेल का? तो म्हणाला, "सर, पांढऱ्याची झाली. लालची अजून थोडी आहे, पण आज नाही. जरा आधी आला असतात तर..."

मी हिच्याकडं बघितलं. ही माझ्याकडं बघत होती.

मग ग्लास आले. मेव्हण्यानं फिरवला, नाक आत घातलं, डोळे मिटले आणि काहीतरी पेरू, गवत, लिंबाची साल असं बोलला. मला गाडी चालवायची होती म्हणून मी फक्त वास घेतला, आणि खोटं कशाला बोलू, मला आमच्या आजीचं कपाट आठवलं. तिच्याकडं द्राक्षासवाची बाटली असायची, बाळंतिणीला, अशक्तपणाला, आणि कधीकधी कशालाच नाही, रोज रात्री झाकणभर. ते पण द्राक्षच आंबवलेलं. आजी कट्टर माळकरी, कांदा-लसूण नाही. तिला कोणी वाईन म्हणालं असतं तर घराबाहेर काढलं असतं. मी हे मेव्हण्याला सांगितलं तर तो म्हणाला, त्याच्या आजीकडं पण होती. म्हणजे नाशिकपण तेव्हापासूनच कॅपिटल.

येताना अप्पांसाठी बेदाणे घेतले. आमच्याकडं जास्तीच्या द्राक्षाचं लोक खरं तर बेदाणाच करतात, चार किलो द्राक्षाचा साधारण एक किलो. द्रावणात बुडवायचं, शेडमधे जाळीवर पसरायचं, आणि मग वाऱ्यावर सोडून बारा-पंधरा दिवस थांबायचं. त्यात बघायला काहीच नाही, म्हणून तिथं टोपी घालून कोणी फोटो काढत नाही. अप्पांना विचारलं वाईनच्या कारखान्यावर जाऊन आलो, तुम्हाला काय वाटतं? त्यांनी मूठभर बेदाणे हातात घेतले, एकेक तोंडात टाकला आणि म्हणाले, "हे वाळवलेलं, ते कुजवलेलं. हुरडा संपायच्या आत न्यायचं सोडून कुठं नेलास त्याला?"

मेव्हणा सोमवारी पहाटे गेला. पुढचे नऊ महिने फोनवर गड्डा, हुरडा, आगटी, गूळ, दही ह्याच्यावरच चर्चा. बायकोचा भाऊ इतका कधी मला फोन करत नव्हता. आणि नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रात्री दहाला फोन, "दाजी, ह्या शनिवारी निघतोय, सुट्टी टाकलीये, हुरडा सुरू झाला ना?"

मी सांगितलं, "अरे कणसात अजून दाणा भरायचाय. पंधरा-वीस दिवस थांबून यायचं की."