शेवटची बादली चांगल्या पाण्याची: आमची वाटचाल

छत्रपती संभाजीनगरात गाड्या धुण्याचा आणि त्यांच्या रंगाची निगा राखण्याचा आमचा छोटा व्यवसाय आहे. आज आमच्या उत्पन्नाचा मोठा भाग गाड्या धुण्यातून येत नाही. लोकांनी आपली गाडी घरीच धुवावी आणि तरीही तिच्यावर पांढरे डाग पडू नयेत, यासाठी लागणारे साहित्य, पाण्याची तपासणी आणि डीएम पाण्याचे, म्हणजे क्षार काढून टाकलेल्या पाण्याचे, कॅन पुरविण्यातून तो येतो. वॉशिंग सेंटर चालविणाऱ्याने गिऱ्हाइकाला घरी गाडी धुवायला शिकवावे, हे ऐकणाऱ्याला उफराटे वाटते. पण या शहराचे पाणी ज्यांनी वापरले आहे, त्यांना त्यात फारसे नवल वाटणार नाही.

जायकवाडीचे पाणी नळाला काही दिवसांआड येते. ते पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी राखून ठेवले जाते आणि बाकी सगळी कामे बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर चालतात. ज्या बेसाल्टात वेरूळ-अजिंठ्याची लेणी कोरली गेली, त्याच खडकाच्या भेगांमध्ये आमच्या बोअरचे पाणी साचलेले असते. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना तिच्यातला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होते आणि खडकातले कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवत खाली उतरते. हेच ते जड पाणी. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानक १०५०० नुसार एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. म्हणजे पिण्यास चालणारे पाणी गाडीच्या काळ्या बॉनेटवर मात्र रांगोळीच्या ठिपक्यांसारखे डाग सोडू शकते. एका निवृत्त शिक्षकांनी आम्हाला विचारलेही होते, “अहो, हे पाणी आम्ही पितो, मग गाडीलाच ते वाईट कसे?” आम्ही त्यांना एवढेच सांगितले की, पाणी घाणेरडे नाही; ते उडून जाते आणि त्यात विरघळलेले मागे राहते. समजा, धुतल्यानंतर गाडीच्या अंगावर अर्धा लिटर पाणी राहिले आणि त्याचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार, १,००० मिलिग्रॅम असला, तर ते वाळल्यावर अर्धा ग्रॅम क्षार रंगावर पसरलेला असतो. जिथे थेंब थांबला तिथेच तो साचतो आणि थेंबाच्या कडेला अधिक दाट होतो. म्हणूनच त्या डागाला नेहमी कड दिसते.

हे कळायला मला पुस्तके चाळावी लागली नाहीत. व्यवसायात येण्यापूर्वी मी वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत सुट्या भागांच्या एका कारखान्यात, पेंट शॉपमध्ये नोकरीला होतो. रंग देण्यापूर्वी पत्र्याचे भाग तेल काढण्याच्या आणि फॉस्फेटच्या टाक्यांतून जात, मग साध्या पाण्याने धुतले जात आणि सर्वांत शेवटी डीएम पाण्याखालून जाऊन ओव्हनमध्ये शिरत. शेवटची धुलाई साध्या पाण्याने झाली तर क्षार पत्र्यावर वाळतो आणि पुढे रंगाखाली ओल धरून फोड येतात, ही भीती सगळ्यांना असे. त्यामुळे डीएम प्लँटच्या मीटरचा आकडा थोडा जरी वर सरकला, तरी सुपरवायझर लाइन थांबवीत. आधीच्या टाक्यांत कसले पाणी आहे याची इतकी काळजी कोणी करीत नसे. आमच्या धंद्याचे सगळे तंत्र या एका गोष्टीवर उभे आहे: मळ कोणत्याही पाण्याने निघतो, पण डाग पडणार की नाही हे शेवटचे पाणी आणि पुसणे ठरवते.

नोकरी सोडल्यावर मेहुण्यांच्या भागीदारीत बीड बायपासजवळ भाड्याच्या जागेवर रॅम्प, प्रेशर पंप आणि बोअर एवढ्या भांडवलावर सेंटर सुरू केले. बोअरला पाणी चांगले लागले, पण ते जड होते. शॅम्पूला फेस येईना आणि पंपाच्या नोझलमध्ये पांढरी खर साचू लागली, म्हणून पहिल्या मिळकतीतून सॉफ्टनर बसविला. त्याबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण सॉफ्टनरविषयी जेवढा गैरसमज आहे तेवढा दुसऱ्या कशाविषयी नसेल. सॉफ्टनरमधले रेझिन कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवते व त्यांच्या जागी सोडियम सोडते. रेझिन भरले की मिठाच्या पाण्याने ते पुन्हा ताजे करावे लागते. या अदलाबदलीत पाण्याचा कठीणपणा जातो, टीडीएस मात्र जवळजवळ होता तेवढाच राहतो. म्हणून विक्रेत्याने टीडीएस मीटर बुडवून सॉफ्टनरची परीक्षा करून दाखविली तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. कठीणपणा पाहायचा असेल, तर थेंब मोजून टाकण्याचे किट लागते, ज्यात पाण्याचा वाइनसारखा लाल रंग शेवटच्या थेंबाला निळा होतो. सॉफ्टनरच्या पाण्यानेही वाळल्यावर डाग पडतो. फरक एवढाच की, तो सोडियमच्या क्षाराचा असल्यामुळे ओल्या फडक्याने निघून जातो, तर कॅल्शियमचा डाग कार्बोनेट होऊन रंगाला घट्ट धरतो. (या कामासाठी पूर्वी झिओलाइट वापरीत, आणि आमच्या बेसाल्टाच्या पोकळ्यांत त्याचे सुंदर स्फटिक सापडतात. जो खडक पाणी जड करतो, त्याच्याच पोटात ते मऊ करणारे खनिज असावे, याची मला अजूनही गंमत वाटते.)

सेंटरवर धुतलेली गाडी आम्ही पुसून देत असू, त्यामुळे तिथे तक्रार क्वचितच येई. पण तीच गाडी दोन महिन्यांनी परत येई तेव्हा बॉनेट, टप आणि मागची काच ठिपक्यांनी भरलेली असे. चौकशी केली की तीन-चारच कारणे निघत. सोसायटीत पहाटे गाड्या पुसायला येणारे दादा एका बादलीत आठ-दहा गाड्या उरकतात आणि फडके पिळून पुढे जातात. बागेचे स्प्रिंकलर शेजारच्या पार्किंगवर उडत असतात. नाहीतर मालक स्वतः रविवारी अकरा वाजता, टळटळीत उन्हात, पाइप घेऊन गाडी धुतात आणि ती ‘आपोआप वाळते’. चौथे कारण ऐकून सुरुवातीला आम्हीही चकित झालो होतो. घरच्या आरओ फिल्टरचे वाया जाणारे पाणी बादलीत साठवून त्याने गाडी धुण्याची पद्धत घराघरांत आहे. पाणी वाचविण्याच्या दृष्टीने ती उत्तमच आहे, पण आरओ शुद्ध पाण्यातले क्षार बाजूला काढून नेमक्या त्याच पाण्यात ढकलतो. घरात त्याहून जड पाणी दुसरे नसते. त्या पाण्याने चाके, पायदान आणि चिखल धुवावा. रंगावरून फिरणारे शेवटचे पाणी म्हणून ते कधीही वापरू नये.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले. त्या उन्हाळ्यात मराठवाड्यात प्रेशर पंपाने गाड्या धुणे मनाला पटणारे नव्हते आणि आमच्या बोअरनेही तळ गाठला होता. आम्ही पंप बंद केला आणि खळखळून न धुता पुसण्याच्या शॅम्पूवर आलो. बादलीभर पाण्यात टोपणभर द्रव, त्यात भिजवलेला मायक्रोफायबर, एकेक पत्रा पुसून लगेच कोरडा करायचा, असे ते काम आहे. आठ-दहा लिटरमध्ये गाडी होते. मात्र ही रीत नुसत्या धुळीसाठी आहे. काळ्या मातीचा चिखल वाळलेला असताना तसेच फडके फिरविले तर रंगावर ओरखडे उठतात, त्यामुळे चिखल आधी पाण्याने उतरविलाच पाहिजे. त्या उन्हाळ्यानेच आमच्या धंद्याची दिशा बदलली. जे काम आठ-दहा लिटर पाण्यात होते, त्यासाठी लोकांनी आमच्यापर्यंत गाडी का आणावी, हा प्रश्न गिऱ्हाइकांनी विचारण्याआधी मेहुण्यांनीच विचारला, आणि रॅम्प विकून आम्ही साहित्याचे दुकान थाटले.

दुकानात येणाऱ्याला आम्ही जी रीत सांगतो तिच्यात महागडे काही नाही. गाडी सकाळी लवकर किंवा सावलीत धुवावी आणि आधी बॉनेटवर तळहात ठेवून पाहावा. पत्रा कोमट लागला तरी थांबावे, कारण गरम पत्र्यावर पाणी पुसण्याआधीच उडते. चाके आधी उरकावीत. ती शेवटी धुतली तर तेवढ्या वेळात टप वाळलेला असतो. शॅम्पू गाडीचाच घ्यावा, भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर वापरू नये. उन्हाळ्यात पूर्ण गाडीला एकदम फेस लावण्यापेक्षा टप, मग एक बाजू, मग दुसरी, असे करावे आणि झालेला भाग दुसरीकडे काम चालू असताना ओला ठेवावा. शेवटच्या वेळी पाइपचे नोझल काढून टाकावे आणि टपावरून पाणी संथपणे सोडावे. फवाऱ्याने हजार थेंब तयार होतात, तर संथ धारेचे पाणी सलग पडद्यासारखे उतरते आणि जाताना बरेचसे थेंब आपल्याबरोबर घेऊन जाते.

त्यानंतर ती शेवटची बादली. ती कुठून आणायची, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. स्प्लिट एसीच्या नळीतून गळणारे पाणी हवेतल्या बाष्पाचे असते, त्यात क्षार जवळजवळ नसतात. दमट दिवसांत ते बादलीने मिळते. पहिल्या एक-दोन सरींनी गच्ची धुऊन निघाल्यावर साठविलेले पावसाचे पाणीही उत्तम. यांपैकी काही नसेल, तर घरच्या आरओचे पिण्याचे चार-पाच लिटर पाणी हातपंपाच्या फवारणी यंत्रात भरून गाडीवर फिरवले तरी जड पाणी बऱ्यापैकी उतरते. आम्ही डीएम पाण्याचे कॅन विकतो आणि नळाला जोडायची, सगळे क्षार काढणाऱ्या वेगळ्या रेझिनची बाटलीही देतो, पण बाटली घेणाऱ्याला आधीच सांगतो की, टीडीएस जितका जास्त तितके रेझिन लवकर संपते. बोअरच्या पाण्यावर ती पूर्ण धुलाईसाठी वापरणे म्हणजे पैसे गटारात सोडणे आहे. ती फक्त शेवटच्या आठ-दहा लिटरसाठी असते.

चांगले पाणी न मिळाल्यास पुसण्याला पर्याय नाही, आणि मिळाले तरी पुसावे. जाड, मोठा मायक्रोफायबर टॉवेल टपावर सपाट पसरून दोन टोकांनी आपल्याकडे ओढावा, घासू नये. आरशांच्या सांध्यांत, दरवाज्यांच्या मुठीत, पेट्रोलच्या झाकणात आणि नंबर प्लेटमागे पाणी दडून बसते आणि गाडी पुसून झाल्यावर तिथून ओघळ येतात. म्हणून दरवाजे व डिकी उघडून कडा पुसाव्यात, गाडी गल्लीत एक चक्कर फिरवून आणावी आणि उरलेले ओघळ टिपावेत. टॉवेल धुताना कंडिशनर टाकला की तो पाणी शोषेनासा होतो. गिऱ्हाईक ‘टॉवेल खराब निघाला’ म्हणून परत आणते, तेव्हा बहुतेक वेळा कारण हेच असते.

सिरॅमिक कोटिंगही, म्हणजे रंगावर संरक्षक थर देण्याचे कामही, आम्ही करतो, आणि एकेका कामामागे त्यातच मिळकत अधिक असल्यामुळे त्याविषयी स्पष्ट लिहितो. कोटिंगने पाण्याचे डाग थांबत नाहीत. कोटिंगवर पाण्याचे टपोरे मोती होतात, ते दिसायला छान असतात, पण उन्हात वाळले तर प्रत्येक मोत्याखाली एक गोल डाग उरतो. पाणी लवकर ओघळते आणि पुसणे सोपे होते, एवढाच त्याचा या बाबतीतला खरा फायदा. ‘कोटिंग केले, आता पुसायला नको’ असे सांगून जे विकतात, त्यांची गिऱ्हाइके काही महिन्यांनी आमच्याकडे येतात.

डाग पडलाच असेल तर किती जुना आहे यावर सगळे अवलंबून असते. त्याच दिवशीचा बहुधा ओल्या फडक्यानेच जातो. काही दिवसांच्या डागासाठी पांढरे व्हिनेगर आणि आरओचे पाणी निम्मे-निम्मे घेऊन, सावलीत, थंड पत्र्यावर भिजलेले फडके मिनिटभर ठेवावे आणि लगेच भरपूर पाण्याने धुवावे. कार्बोनेट आम्लात विरघळते, म्हणून हा उपाय लागू पडतो. क्रोमच्या पट्ट्या आणि अॅल्युमिनियमवर मात्र तो करू नये. आमच्या बेसाल्टाच्या पाण्यात सिलिकाही असते आणि तिचा डाग व्हिनेगरला दाद देत नाही. तो, किंवा रंगात खड्डा पाडून बसलेला डाग, यंत्राने पॉलिश करूनच काढावा लागतो. पॉलिश म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर घासून कमी करणे, आणि तो थर मुळात साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीहूनही पातळ असतो. म्हणून दर वर्षी रबिंग-पॉलिश मागणाऱ्यांना आम्ही थर मोजून दाखवतो आणि पुष्कळदा काम नाकारतो.

अलीकडे सोसायट्यांतून गाड्या पुसणाऱ्या दादांना आम्ही प्रशिक्षण देऊ लागलो आहोत. सोसायटीने दोन बादल्या, पुरेसे टॉवेल आणि आठवड्याला डीएम पाण्याचे ठरलेले कॅन द्यायचे, एवढीच आमची अट असते. मासिक रक्कम थोडी वाढते, त्यावरून बैठकीत वाद होतात, काही सोसायट्या नाही म्हणतात. ज्या तयार होतात, त्यांच्या टाकीचे पाणी मार्च ते जून आम्ही दर महिन्याला तपासतो, कारण उन्हाळ्यात बोअरची पातळी खाली गेली आणि टँकर वेगवेगळ्या विहिरींवरून येऊ लागले की, पाण्याचा आकडा महिन्यागणिक बदलतो आणि कॅनची संख्याही त्याप्रमाणे बदलावी लागते.