तोंड आधी कोणाचे तपासायचे?

आमच्या इंदूरच्या मंडळात दर वर्षी आरोग्य शिबिर होते. रक्तदाब, रक्तातील साखर आणि डोळे ही तपासणी ठरलेली असते. यंदा तिच्या जोडीला मुखकर्करोगाची तपासणी घ्यावी असे कार्यकारिणीत ठरले आणि ‘तीस वर्षांवरील सर्व सभासदांसाठी’ असा फलकाचा मजकूरही लगेच तयार झाला. ही तपासणी व्हावी म्हणून मी स्वतःच बरेच दिवस पाठपुरावा केला होता, त्यामुळे निर्णयाचा मला मनापासून आनंद आहे. मात्र ती सरसकट सर्वांसाठी ठेवण्याला माझा विरोध आहे. बैठकीत वेळ कमी होता, म्हणून माझे म्हणणे येथे सविस्तर लिहीत आहे.

माझी उमेदीची वर्षे पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत गेली. तोंडातून काढलेला मुगाएवढा तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीतून आमच्याकडे येई आणि त्याच्यासोबत एक छापील कागद असे. त्यावर वय, जखमेची जागा, तक्रार कधीपासून आहे आणि सवयी असे रकाने असत. जागेच्या रकान्यात बहुतेक वेळा गालाचे आतले अस्तर, किंवा गाल आणि खालची हिरडी यांच्यामधली खोबण लिहिलेली असे, म्हणजे तंबाखूचा बार जिथे धरून ठेवतात नेमकी तीच जागा. सवयींच्या रकान्यात तंबाखू, चुना, सुपारी, विडी, दारू यांपैकी काही ना काही असेच. तक्रारीचा काळ महिन्यांत असे, क्वचित वर्षांतही. जी जागा आरशात पाहता येते, बोटाने चाचपता येते, तिथला आजार इतका उशिरा आमच्या हाती का यावा, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे.

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे एका वर्षात सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण आढळले आणि भारतीय पुरुषांमध्ये हाच कर्करोग पहिल्या क्रमांकावर आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील २१.४ टक्के लोक धूर न होणारी, म्हणजे चघळण्याची, लावण्याची वा नाकात ओढण्याची तंबाखू वापरताना आढळले. पुरुषांत हे प्रमाण २९.६ टक्के आणि स्त्रियांत १२.८ टक्के होते. आपल्या मध्य प्रदेशाने १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी घातली आणि असे करणारे हे देशातले पहिले राज्य ठरले. त्यानंतर पानमसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची पुडी वेगळी विकली जाऊ लागली आणि गिऱ्हाईक दोन्ही एकत्र करून तोंडात टाकू लागले. राजवाड्याच्या आसपास कुठल्याही टपरीवर या पुड्यांच्या माळा लोंबताना दिसतात.

आता मूळ मुद्दा. तोंडाची तपासणी केल्याने लोकांचे प्राण खरोखर वाचतात का, याचे सर्वांत भक्कम उत्तर केरळमधून आले आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ मध्ये डॉ. शंकरनारायणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेरा पंचायत-गट निवडले आणि चिठ्ठी टाकावी तशा पद्धतीने सात गटांत तपासणी करायची, सहा गटांत नेहमीचीच व्यवस्था ठेवायची, असे ठरवले. पस्तीस वर्षांवरील सुमारे एक लाख नव्वद हजार माणसे या अभ्यासात होती. वैद्यकीय पदवी नसलेले परंतु रीतसर प्रशिक्षण दिलेले कार्यकर्ते घरोघरी जाऊन तोंड पाहत आणि काही संशयास्पद दिसले तर त्या व्यक्तीला डॉक्टरांकडे पाठवत. महागडे यंत्र त्यात कुठेही नव्हते.

या अभ्यासाचे २००५ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे मी अनेकदा वाचले आहेत. तपासणी झालेल्या भागात पाच वर्षे जगलेल्या रुग्णांचे प्रमाण ५० टक्के होते, तर दुसऱ्या भागात ३४ टक्के. एवढ्यावरून तपासणी उपयोगी आहे असे म्हणण्याचा मोह होतो, पण तसे म्हणता येत नाही आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. समजा, एखाद्या माणसाचा मृत्यू २०३० मध्ये होणारच आहे. त्याचा आजार २०२८ मध्ये कळला तर तो निदानानंतर दोन वर्षे जगला असे नोंदले जाईल, आणि तपासणीमुळे तोच आजार २०२४ मध्ये कळला तर सहा वर्षे जगला अशी नोंद होईल. आयुष्य एका दिवसानेही वाढलेले नसेल, वाढलेला असेल तो फक्त आजार माहीत असण्याचा काळ. म्हणून तपासणीची खरी परीक्षा निदानानंतरच्या वर्षांवरून होत नाही. दोन्ही भागांतील एकूण लोकसंख्येत त्या आजाराने किती मृत्यू झाले, यावरूनच ती होते. आरोग्य शिबिरांच्या अहवालांत ‘इतके रुग्ण लवकर शोधले’ असे वाक्य वाचले की मला हा फरक आठवतो.

तर मृत्यू मोजले तेव्हा काय दिसले? सर्व लोकांचा एकत्र विचार केला तर तपासणीच्या भागात ७७ आणि दुसऱ्या भागात ८७ मृत्यू होते. दर कमी दिसत होता, पण हा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकला असता. मात्र तंबाखू, दारू किंवा दोन्ही घेणाऱ्यांचा वेगळा विचार केला, तेव्हा त्यांच्यातील मृत्युदर ३४ टक्क्यांनी घटलेला आढळला आणि तो योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नव्हता. एकूण १६४ मृत्यूंपैकी १५५ याच लोकांचे होते. ज्यांना कसलेही व्यसन नाही त्यांच्या तोंडात शोधण्याजोगा आजारच फार थोडा होता, त्यामुळे तिथे तपासणीचा लाभ दिसण्याला जागाही नव्हती. पुढे पंधरा वर्षांचा पाठपुरावा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात व्यसन असलेल्यांमधील मृत्युदरातील घट टिकून राहिलेली दिसली, आणि ज्यांनी तपासणीच्या चारही फेऱ्या पूर्ण केल्या त्यांच्यात ती ८१ टक्के आढळली. वारंवार येणारी माणसे मुळातच प्रकृतीची जास्त काळजी घेणारी असतात, त्यामुळे त्या शेवटच्या आकड्याचे सगळे श्रेय तपासणीला देता येणार नाही. तरीही एकदा पाहून सोडून देण्यात अर्थ नाही, एवढे त्यातून निश्चित कळते.

हे सगळे आमच्या शिबिराला लावून पाहिले तर काय दिसते? शिबिराला येतात त्या प्रामुख्याने माझ्यासारख्या निवृत्त बायका आणि सकाळी फिरायला जाणारी, जेवण मोजून घेणारी ज्येष्ठ मंडळी. त्यांची तोंडे पाहण्यात डॉक्टरांचे दोन तास जातील. आणि त्याच वेळी त्याच सभागृहाच्या मागच्या बाजूला जे आचारी स्वयंपाक करत असतील, जे मांडववाले खुर्च्या उतरवत असतील आणि फाटकाबाहेर जे रिक्षावाले उभे असतील, ते आपले सभासद नाहीत म्हणून त्यांना कोणी आत बोलावणार नाही. भट्टीजवळ रात्रभर जागण्यासाठी तंबाखू मळणारा आचारी हाच या तपासणीचा खरा हक्कदार आहे. सरकारी कार्यक्रमात २०१६ पासून तीस वर्षांवरील सर्वांची तोंडाची तपासणी अपेक्षित आहे, पण २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत अशी तपासणी कधी तरी झालेल्या पुरुषांचे प्रमाण शंभरात जेमतेम एक निघाले. साधने इतकी तोकडी असताना ती कुठे खर्चायची याचा विचार करावाच लागतो.

गेल्या वर्षी ओळखीच्या एका दंतवैद्य बाईंबरोबर मी एका वस्तीत मदतीला गेले होते. त्यांची पद्धत शिकण्यासारखी आहे. माणसाला उजेडाकडे तोंड करून बसवायचे, बॅटरी आणि दोन लाकडी पट्ट्या घ्यायच्या, आधी दोन्ही ओठ उलटून पाहायचे, मग गाल, हिरडीची खोबण आणि टाळू. जिभेचे टोक जाळीदार कापडाच्या तुकड्याने धरून ती एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ओढायची, म्हणजे कडा दिसतात. मग जीभ वर उचलायला सांगून तळ पाहायचा आणि शेवटी मान चाचपायची. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमलीसारखा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, ही नोंदवण्याची लक्षणे. यांतला लाल चट्टा अधिक धोक्याचा. अशी जखम व्यसन नसलेल्या माणसाला असली तरी त्याने डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे.

त्या दिवशी तिशीही न गाठलेला एक रिक्षाचालक आला होता. बाईंनी त्याला स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांमध्ये घालायला सांगितली. दोनच गेली. ‘‘तिखट लागतं का रे?’’ असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘‘बाई, वरण-भातसुद्धा झोंबतो हो. आणि पाणीपुरी तर आता तोंडात मावतच नाही.’’ तंबाखू मी खात नाही, नुसती सुपारी खातो, असे तो पुन्हा पुन्हा सांगत होता आणि त्याचे म्हणणे खरे असावे. गालाच्या आतले अस्तर पांढुरके, ताठ झाले होते आणि बोट फिरवले की दोऱ्यांसारखे पट्टे हाताला लागत होते. डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्येच मुंबईत या विकाराचे, म्हणजे तोंड आखडत नेणाऱ्या ‘सबम्युकस फायब्रोसिस’चे, वर्णन केले होते. त्याचे मुख्य कारण सुपारी आहे, आणि २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला, तंबाखू नसली तरीही, कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. केरळमधील अशा ६६ रुग्णांच्या सतरा वर्षांच्या पाठपुराव्यात ७.६ टक्के लोकांना पुढे कर्करोग झाला होता. जेवणानंतर घराघरांत सुपारीचा डबा फिरवणाऱ्या आपल्या समाजाला हे ठाऊक असायला हवे, म्हणून फलकावर तंबाखूच्या बरोबरीने सुपारी लिहिली जावी असा माझा आग्रह आहे. अर्जावरही तिचा प्रश्न वेगळा असावा, कारण ‘व्यसन आहे का’ असे विचारले तर सुपारी खाणारा प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. दारूचा प्रश्न आणि वडीलधाऱ्या बायकांना मशेरीचा प्रश्न रांगेत सर्वांदेखत विचारू नये. त्यासाठी पडद्याआड एक टेबल आणि एक समंजस माणूस पुरेसा आहे.

तपासणीबरोबर सवय सोडवण्याचे काम त्याच टेबलावर सुरू झाले पाहिजे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता, डॉ. प्रकाश गुप्ता आदींनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम जिल्ह्यांत तंबाखू वापरणाऱ्या छत्तीस हजारांहून अधिक लोकांना घरी जाऊन, चित्रे दाखवून, समजावून सांगण्याचा प्रयोग केला होता. ज्यांनी तंबाखू सोडली त्यांच्यात पांढऱ्या चट्ट्यांचे प्रमाण लक्षणीय घटले. म्हणजे केवळ सांगण्यानेही काही माणसे सोडतात आणि सोडल्याचा परिणाम तोंडात दिसतो. स्वतःच्या गालावरचा चट्टा नुकताच आरशात पाहिलेला माणूस ऐकण्याच्या मनःस्थितीत असतो. त्याच क्षणी १८००-११-२३५६ हा तंबाखूमुक्तीचा राष्ट्रीय मोफत क्रमांक त्याच्या मोबाइलमध्ये घालून द्यावा. कर्करोग झाल्यानंतर ‘आता सोडून काय उपयोग’ असे म्हणणारेही पुष्कळ भेटतात. निदानानंतर धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांत मृत्यूचे आणि दुसरा कर्करोग होण्याचे प्रमाण अधिक असते, हे त्यांना सांगायला हवे.

उपचारांबाबतही निराश होण्याचे कारण नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. सुरुवातीच्या टप्प्यातील, मानेत गाठ लागत नसलेल्या रुग्णांच्या मानेतील ग्रंथी तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते आणि गाठ येईपर्यंत थांबलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होते. इथे गट चिठ्ठीने पाडलेले होते, त्यामुळे हा फरक उपचाराचाच आहे. मात्र या शस्त्रक्रियेचा लाभ सुरुवातीच्या टप्प्यात पोहोचलेल्यालाच मिळतो.

आणि पोहोचण्यातच आपण कमी पडतो. तिरुवनंतपुरमच्या अभ्यासात संशयास्पद आढळलेल्या ५,१४५ जणांपैकी ३,२१८ जणच पुढे डॉक्टरांकडे गेले, म्हणजे दर तिघांतला एक जण तरी घरीच राहिला. एवढी बांधीव व्यवस्था असताना ही स्थिती, तर चिठ्ठी हातात देऊन मोकळे होणाऱ्या शिबिरांत काय होत असेल? दिवसाची कमाई बुडते, तुकडा काढला की आजार पसरतो ही भीती असते, दुखत नाही म्हणून उद्यावर टाकले जाते. तुकडा तपासणीला पाठवल्याने कर्करोग पसरत नाही, हे मी प्रयोगशाळेतल्या इतक्या वर्षांनंतर छातीठोकपणे सांगते, पण तेवढ्याने माणूस रुग्णालयात जात नाही. त्याच्याबरोबर कोणीतरी जावे लागते.

म्हणून रविवारच्या बैठकीत मी तीन गोष्टी मांडणार आहे. फलकावर तंबाखू, सुपारी, विडी आणि दारू यांचा स्पष्ट उल्लेख करून, सभासद असोत वा नसोत, अशा सर्वांना आधी बोलवावे. आचारी, मांडववाले आणि रिक्षावाले यांच्यासाठी सकाळी लवकरचा वेळ राखावा. आणि ज्यांना पुढे पाठवायचे त्यांची वेगळी वही करावी, तिच्यात त्यांच्या क्रमांकाबरोबर घरातल्या आणखी एकाचा क्रमांक, बायोप्सीची तारीख आणि अहवाल हाती आल्याची नोंद असावी. शासकीय दंत महाविद्यालयात किंवा एम. वाय. रुग्णालयात सकाळी त्यांच्यासोबत जाऊन केसपेपर काढण्यापासून अहवाल मिळेपर्यंत थांबण्याची तयारी असलेले सात-आठ जण मला हवे आहेत. ज्यांना जमेल त्यांनी बैठकीपूर्वी मला कळवावे.