गिलाव्याचे फोटो

"माणसं मेली तिथं कॅमेरा घेऊन फिरायचं, मनाला काही वाटलं नाही का?" सारायेव्हो, म्हणजे नव्वदच्या दशकात युद्धात होरपळलेली बोस्नियाची राजधानी. तिथले फोटो कुणाला दाखवले की हा प्रश्न येतोच. परवा तुम्हीही विचारलंत. तेवढ्यात चहा आला, विषय बदलला आणि उत्तर राहून गेलं. म्हणून आता सविस्तर लिहितो.

हाच प्रश्न मी एकदा दुसऱ्याला विचारलाय, आणि फार वाईट शब्दांत.

३० सप्टेंबर १९९३. गणपती बोळवून लोक झोपले होते आणि पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. माझं आजोळ तिथून जवळच. मी तेव्हा सिव्हिलचा डिप्लोमा करत होतो. तिसऱ्या दिवशी पोचलो तेव्हा मामांच्या वाड्याची फक्त पुढची चौकट उभी होती. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार राहणारं ते घर त्या रात्री माणसांच्या अंगावर आलं. मामी गेल्या. चार दिवसांत शहरांकडून गाड्या यायला लागल्या, भूकंप बघायला. त्यातल्या एकाने मामांना सांगितलं, जरा त्या चौकटीपाशी उभे राहा. मामा उभे राहिले. त्या दिवसांत त्यांना कुणीही काहीही सांगितलं असतं तरी त्यांनी ते केलं असतं. मी पुढे होऊन लेन्सवर हात ठेवला आणि जे बोललो ते इथे लिहीत नाही. तो माणूस गेला.

पंचवीस वर्षं उलटून गेल्यावर, २०१९च्या मे महिन्यात, मीच कॅमेरा घेऊन सारायेव्होत उतरलो. सगळं आयुष्य बांधकामात गेलं, त्यातही दुरुस्तीच्या कामांत जास्त. मोडलेलं गाव पुन्हा कसं उभं करतात हे बघायची ओढ किल्लारीपासून लागली, ती सुटली नाही.

हे शहर डोंगरांच्या वाटीत बसलंय, मधून मिल्यात्स्का नदी वाहते. वाटीच्या काठावर बोस्नियन सर्बांच्या तोफा आणि तळाशी लाखो माणसं. बोस्नियाच्या युद्धात एप्रिल १९९२ ते फेब्रुवारी १९९६, असा १,४२५ दिवस वेढा. (त्या वेळच्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे पहिले प्रमुख आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे सतीश नंबियार होते आणि सुरुवातीला त्यांचं मुख्यालय याच शहरात होतं. फौजेतल्या मेहुण्याने निघण्याआधी हे मुद्दाम सांगितलं होतं.) वेढ्याला वीस वर्षं झाली तेव्हा, २०१२ साली, मेलेल्या प्रत्येकासाठी एक अशा ११,५४१ लाल खुर्च्या मुख्य रस्त्यावर मांडल्या होत्या. लहान मुलांसाठी लहान खुर्च्या. त्या रांगेचे फोटो मी घरी बसून कितीदा पाहिले होते. त्या रस्त्याने पायी गेलो तेव्हा ती रांग केवढी असेल ते कळलं.

मुक्काम होता दोब्रिन्यात, विमानतळाला लागून असलेल्या वसाहतीत. १९८४च्या हिवाळी ऑलिम्पिकच्या वेळच्या या इमारती, वेढ्यात थेट आघाडीवर आलेल्या. पहिल्याच सकाळी खाली उतरून मी आमच्या इमारतीचे फोटो काढायला लागलो. गोळा फुटला की त्याचे तुकडे पंख्यासारखे पसरतात, तो पंखा भिंतीवर जसाच्या तसा होता. चार-पाच फोटो झाले, मग भिंत नीट बघितली आणि कॅमेरा खाली घेतला.

प्रत्येक फ्लॅटपुरता गिलावा वेगळा होता. एकाचा पांढुरका, घोटून गुळगुळीत केलेला. शेजारच्याचा राखाडी, नुसती थापी मारून सोडलेला. वरच्याने फक्त खिडकीभोवती हात फिरवलेला, बाकी भोकं तशीच. ज्याच्याकडे जेव्हा पैसे आले तेव्हा त्याने आपल्यापुरती भिंत भरून घेतली होती. कडा बऱ्याच ठिकाणी सुटल्या होत्या. जुनी भिंत खरवडून, ओली करून घेतल्याशिवाय नवा गिलावा धरत नाही, आणि हे काम गवंड्यांनी केलेलं नव्हतं हे लांबूनही दिसत होतं.

ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. साठी ओलांडलेल्या. त्यांचं बोलणं त्यांचा मुलगा इंग्रजीत करून सांगत होता. "आमच्याकडे येणारे सगळे भोकांचे फोटो काढतात," त्या म्हणाल्या. "भोकं त्यांनी पाडली. गिलावा आम्ही केलाय." मला हाताला धरून त्या तळमजल्याच्या खिडकीखाली घेऊन गेल्या. तिथला तुकडा त्यांच्या नवऱ्याने लढाई संपल्यावर केलेला, रंधा शेजाऱ्यांकडून मागून आणून. खालच्या कोपऱ्यात बोटांचे चार खळगे होते, गिलावा ओला असताना एका लहान मुलाने दाबलेले. तो मुलगा आमचा दुभाष्या. त्याने त्यावर बोटं ठेवून दाखवली, आता एकच बोट दोन खळग्यांवर येत होतं. मी विचारलं, काढू का? बाई म्हणाल्या, याचाच काढा.

पुढचे आठ दिवस मी तेच बघत फिरलो. रस्त्यावर जिथे गोळा पडून माणसं मेली, तिथल्या बऱ्याच खड्ड्यांत लाल रेझिन भरलंय. लोक त्यांना सारायेव्होचे गुलाब म्हणतात. रस्ते नव्याने करताना त्यातले बरेच गेले. जुन्या बाजारातली कझांजिलुक म्हणजे तिथली तांबट आळीच, तोच मठारण्याचा आवाज. तिथे तोफगोळ्यांच्या रिकाम्या पितळी नळ्यांवर वेलबुट्टी कोरून फुलदाण्या करतात. व्हियेच्नित्सा, म्हणजे जुनं नगरभवन, वेढ्याच्या वेळी तिथे राष्ट्रीय ग्रंथालय होतं. ऑगस्ट १९९२मध्ये तोफा डागून ते जाळलं, लाखो पुस्तकं गेली, जळक्या पानांची राख शहरभर पडत राहिली. २०१४ साली ते पुन्हा उघडलं. काम इतकं बिनचूक झालंय की मी तासभर मान वर करून बघत राहिलो. तरी मन दोब्रिन्याच्या त्या भिंतीकडेच जात होतं.

वेढ्यात विमानतळाखालून खणलेला बोगदाही पाहिला. सुमारे आठशे मीटर, चार महिन्यांत, हातांनी, दोन्ही बाजूंनी खणत आणलेला. दोन्ही टोकं जुळली ती ३० जून १९९३ला, किल्लारी हलायच्या बरोबर तीन महिने आधी. शहराला अन्न, औषधं, हत्यारं त्यातून मिळाली. थोडाच भाग आता खुला आहे, मला वाकून चालावं लागलं. तिथे बोटांनी विजयाची खूण करत हसत फोटो काढणारे होते. ते मला अजिबात पटत नाही.

आणि मारकालेच्या भाजीबाजारात मी एकही फोटो काढला नाही. ५ फेब्रुवारी १९९४ला तिथे एका गोळ्याने ६८ माणसं मारली. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये त्याच बाजाराजवळ आणखी ४३. बाजार आजही भरतो, मागच्या लाल भिंतीवर नावं आहेत. त्यातलं एखादं नाव माझ्या शेजारी टोमॅटो निवडणाऱ्या बाईच्या घरचं असेल, हे डोक्यातून जाईना. कॅमेरा पिशवीत टाकला, पाव किलो स्ट्रॉबेरी घेतल्या आणि निघालो.

तर, वाटतं का? वाटतं. म्हणून विचारूनच काढतो, आणि विचारायला कुणी नसेल तर बऱ्याचदा काढत नाही. इथवर उत्तर सोपं आहे. पण गेल्या दिवाळीत मामांकडे गेलो होतो, पुनर्वसनाच्या घरी. ऐंशी ओलांडलीय त्यांनी. त्यांना तो बोटांच्या खळग्यांचा फोटो दाखवला. बराच वेळ त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाले, "आपल्या वाड्याचा एकबी फोटो न्हाई बघ. चौकटीवर काय नक्षी होती, मला आता नीट आठवंना. त्या टायमाला एक माणूस आला होता, मला उभं करून फोटो काढत होता. त्याच्याकडं असंल का रे?"

मी काही बोललो नाही. त्याने बटण दाबलं ते माझा हात पोचायच्या आधी की नंतर, हे तेव्हापासून मी आठवून बघतोय.