बैठकीचे चित्रीकरण: तुकडे आधी जोडा, कॅमेरे नंतर जुळवा

शास्त्रीय संगीताची बैठक तीन कॅमेऱ्यांनी टिपली, तर संकलनासाठी तीन फाइली हाती येतील अशी नवख्याची समजूत असते. प्रत्यक्षात कार्डांवरून भराभर तुकडेच निघत राहतात. त्याचे कारण जुने आहे. ‘फॅट३२’ या फाइल-व्यवस्थेत एक फाइल ४ जीबीच्या पलीकडे जाऊ शकत नाही आणि ३२ जीबीपर्यंतची कार्डे साधारणपणे हीच व्यवस्था वापरतात. त्याहून मोठ्या कार्डांवरच्या ‘एक्सफॅट’ला ही अडचण नाही, तरीही कित्येक कॅमेरे आजही ४ जीबीला फाइल तोडतातच. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने चित्रीकरण चालू असेल, तर पावणेसहा मिनिटांत एक तुकडा पडतो. विलंबित ख्याल अजून नीट रंगलेलाही नसतो.

हे तुकडे दोन जातींचे असतात आणि तो भेद आधी ओळखला पाहिजे. पहिल्या जातीत कॅमेरा न थांबता पुढची फाइल उघडतो, त्यामुळे दोन तुकड्यांमध्ये एकही फ्रेम गळालेली नसते. दुसऱ्या जातीत चित्रीकरण खरोखरच थांबलेले असते. २००८ सालचा कॅनन ५डी मार्क २ हा कॅमेरा ४ जीबी भरले की थांबत असे आणि पुन्हा बटण दाबावे लागे. पुढच्या अनेक कॅमेऱ्यांत २९ मिनिटे ५९ सेकंदांची मर्यादा आली, तिच्यामागे अर्धा तास किंवा अधिक सलग चित्रीकरण करणाऱ्या उपकरणांवरची युरोपीय संघाची जकात होती. अशा ठिकाणी मधले काही सेकंद कुठेच नसतात. हे तुकडे एकमेकांना चिकटवले तर पुढचे सगळे गाणे तेवढ्या सेकंदांनी अलीकडे सरकते. म्हणून त्यांच्यामध्ये रिकामी जागा ठेवून प्रत्येक तुकडा आवाजावरून स्वतंत्रपणे जुळवावा. जोडायचे ते फक्त पहिल्या जातीचे तुकडे.

क्रम लावताना फाइलींच्या नावांवर डोळे झाकून विसंबू नये. गोप्रो कॅमेऱ्याच्या फाइलच्या नावात तुकड्याचा क्रमांक आधी आणि चित्रीकरणाचा क्रमांक नंतर येतो. त्यामुळे नावानुसार लावले की ‘०१००३४’नंतर ‘०१००३५’ येते आणि पहिल्याचा खरा दुसरा तुकडा, म्हणजे ‘०२००३४’, तिसऱ्या जागी जाऊन बसतो. एव्हीसीएचडी या स्वरूपात चित्रीकरण साठवणाऱ्या कॅमेऱ्यांची तऱ्हा आणखी वेगळी आहे. त्यांचे कार्ड उघडून चित्रीकरणाच्या सुट्या एमटीएस फाइली उचलल्या, तर प्रीमियर या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सांध्यावर क्षणभर आवाज जाऊ शकतो. कार्डावरचा संपूर्ण फोल्डर जसाच्या तसा उतरवून तो त्याच सॉफ्टवेअरच्या मीडिया ब्राउझरमधून घेतला, तर सलग चित्रीकरण एकच क्लिप म्हणून येते.

एमपी४ फाइलींसाठी मी एफएफएमपेग हे सॉफ्टवेअरच वापरतो. एका साध्या मजकूर-फाइलमध्ये तुकड्यांची नावे क्रमाने लिहायची आणि कोडेक ‘कॉपी’ ठेवून त्या जोडायच्या, म्हणजे चित्र पुन्हा एन्कोड होत नाही, दर्जा तसूभरही उतरत नाही आणि फाइल कॉपी करायला लागतो साधारण तेवढाच वेळ जातो. टाइमलाइनवर तुकडे मांडून नवी फाइल एक्सपोर्ट करण्याची पद्धत बरेचजण अवलंबतात. ती मला वेळेचा आणि दर्जाचा नाहक अपव्यय वाटते. टाइमकोड, म्हणजे फ्रेमगणिक असलेली वेळेची नोंद, मात्र जोडलेल्या फाइलमध्ये आला आहे का ते पाहावे आणि मूळ तुकडे काम हातावेगळे होईपर्यंत पुसू नयेत.

खरी मेख आवाजात आहे. सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रीकरणात एक फ्रेम ४० मिलीसेकंदांची असते, तर एएसी या पद्धतीने साठवलेल्या आवाजाचे एक पाकीट ४८ किलोहर्ट्झला सुमारे २१ मिलीसेकंदांचे. दोन्हींचा शेवट एकाच क्षणी होईलच असे नाही, त्यामुळे प्रत्येक सांध्यावर थोडा फरक उरू शकतो आणि सांधे वाढले की तो साठत जातो. म्हणून पहिला सांधा तपासून समाधान मानू नये, शेवटचा तपासावा. या कामी तानपुऱ्यासारखा परीक्षक नाही: त्याचा अखंड नाद कणभर तुटला तरी कानाला ‘टक्’ असे ऐकू येते. तोच तानपुरा सिंकच्या वेळी, म्हणजे आवाजावरून कॅमेरे जुळवताना, मात्र आडवा येतो, कारण सलग नादाच्या वेव्हफॉर्ममध्ये (आवाजाच्या आलेखात) सॉफ्टवेअरला धरायला टोकच सापडत नाही; तबला सुरू झाल्यानंतरचा भाग निवडावा.

वेगळ्या रेकॉर्डरवरचा सलग आवाज आधार धरून प्रत्येक कॅमेरा सुरुवातीला आणि शेवटी पडताळला की दोष कुठला तेही कळते. सांध्यापाशी एकदम उडी दिसली तर जोड बिघडलेली असते. फरक हळूहळू वाढत गेला असेल तर कॅमेऱ्यांची घड्याळे किंचित वेगळ्या गतीने चालत असतात, आणि त्याला जोडणीचा काही इलाज नाही.

रिझॉल्व्ह आणि फायनल कट प्रो या संकलनाच्या सॉफ्टवेअरांत एकाच कॅमेऱ्याच्या अनेक क्लिप एका अँगलमध्ये, म्हणजे त्या कॅमेऱ्याच्या एकाच पट्टीत, बसवता येतात, त्यामुळे आधी जोडण्याची सक्ती नाही. तरीही सलग तुकडे मी आधी जोडतोच, कारण नुसत्या आलापाचा एखादा तुकडा भलत्याच जागी जुळण्याची शक्यता मग राहत नाही.

एक फरक तरीही उरतो. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे मंचापासून १४ मीटरवरच्या कॅमेऱ्याला तो एक फ्रेम उशिरा पोचतो. आवाजावरून जुळवलेल्या त्या अँगलमध्ये तबलजीचा हात समेवर एक फ्रेम आधीच पडलेला दिसतो. तेवढा अँगल टाइमलाइनवर एक फ्रेम उजवीकडे सरकवावा.