तुम्ही विचारलंत म्हणून: डिलीट केलं तरी डिस्क भरलेलीच का?

"गाड्यांचं चार वर्षांचं जीपीएस उडवलं ना, मग डिस्क भरलेलीच कशी?" शेठ विचारतात, हिशेबवाले दादा विचारतात, परवा पंगतीत वरणबट्टी वाढता वाढता मेव्हण्यानेपण विचारलं. एकदा लिहूनच टाकतो.

केळीचा घड कापला म्हणून शेत मोकळं होत नाही, खोड उभंच असतं. आमचा डेटा ज्या डेटाबेसात राहतो त्या पोस्टग्रेसमध्ये डिलीटचं तसंच, ओळ मेली एवढी खूण होते. व्हॅक्यूम, म्हणजे त्याचा सफाईवाला, ती खोडं काढतो, तिथं नवीन ओळी बसतात, पण सातबारा टेबलच्याच नावावर राहतो, फाईलच्या अगदी शेवटी रिकामी पानं असली तर तेवढीच सिस्टीमला परत.

"मग व्हॅक्यूम फुल मार ना" म्हणणारा शहाणा मीच होतो. मे महिना, रात्रीचे साडेअकरा, तरी वारा गरमच. 500 जीबीच्या डिस्कवर 40 शिल्लक. जीपीएसचं टेबल 210 चं, त्यातल्या जिवंत ओळी साठेक जीबीच्या. कमांड दिली आणि जेवायला बसलो. आता व्हॅक्यूम फुल जुन्या फाईलला हात लावत नाही, जिवंत ओळींची नवीन फाईल लिहितो, ती पूर्ण झाली की मगच जुनी जाते, तोवर टेबलला कुलूप, वाचायलासुद्धा मिळत नाही. हे मला माहीत होतं हो! 60 मोठे की 40 एवढंच बघितलं नाही, वरून वॉलच्या फाईलीपण त्याच डिस्कवर, म्हणजे पोस्टग्रेस प्रत्येक बदल आधी जिथं नोंदतो आणि बंद पडल्यावर उठताना वाचतो त्या. सव्वाबाराला डिस्क फुल, पोस्टग्रेस पॅनिक होऊन बंद, आणि परत उठेना कारण उठायलापण थोडी जागा लागते. फोनवर एकजण म्हणाला पीजी-वॉल, म्हणजे त्याच वॉल फाईलींचं फोल्डर, उडव. बोटं कीबोर्डवर होती. नाही उडवलं, तेवढी एकच अक्कल त्या रात्री शाबूत होती. पहाटे काट्यावर गाड्यांची रांग, काटेवाल्याचा फोन, "काय व्हयनं रे भो?" वजनं वहीत लिहिली त्यांनी. मी जुने लॉग आणि एक बॅकअप हलवून सर्व्हर उठवला तर ती अर्धवट नवीन फाईल तशीच पडलेली, कुठल्याच टेबलच्या सातबाऱ्यावर नाही. ती शोधून काढण्यात दुपार गेली.

चूक माझी, मान्य. पण टेबलचे तुकडे पाडून दर महिन्याचं वेगळं पार्टिशन करू, केळीत मृगबाग वेगळा कांदेबाग वेगळा असतो तसं, जुनं ड्रॉप केलं की जागा लगेच परत, हे मी दोन वर्षं सांगत होतो, "सीझननंतर बघू" कोण म्हणत होतं? बरं, ऑटोव्हॅक्यूम, म्हणजे आपोआप चालणारा व्हॅक्यूम, त्या टेबलवर मीच बंद केला होता, मशीन हलकं चालेल म्हणून. तो चालू असता तर दुरुस्त्यांनी मेलेल्या ओळींची (ओळ दुरुस्त केली तरी जुनी मरून पडते) जागा परत वापरात आली असती, टेबल एवढं फुगलंच नसतं. की फुगलं असतं? अजून ठरत नाही माझं.

शेठ म्हणतात मोठी डिस्क घे, कटकट मिटव. कधी कधी मलाही पटतं.

सध्या 10 जीबीची एक फाईल ठेवलीये, नुसती शून्यं भरलेली, अडीनडीला उडवायला. काल शेठना ती दिसली. "ही कशाला शे?"